ताटाखाली झाकलेला चहा

फार उकळलेल्या चहाचा वास आला की घणसोली गावातली ती शांतता सभा आठवते. रोजे चालू आहेत हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. गल्लीतल्या भांडणानंतर मशिदीजवळच्या खाला पहिल्यांदाच आल्या होत्या आणि कुणीतरी त्यांच्या हातात गरम कप दिला. बिचाऱ्या तो नुसता धरून बसल्या. ज्यांच्या ओटीवर सभा होती त्या काकूंनी ते पाहिलं, कप काढून घेतला, पातेल्यावर ताट झाकलं आणि सगळ्यांना बजावलं, “आजान होऊंदे, मंग सगलीच पिऊ.” तोवर पुन्हा पुन्हा उकळून चहा कडू झाला. आजान झाली तशी खालांनी पिशवीतून खजूर काढला, तो आधी काकूंच्या हातावर ठेवला. आता पुढची सभा ठरतेय. बाकीचे हॉल कधी मिळेल विचारतात. मी विचारते, रोजे कधी आहेत?