चॅपलच्या भिंतीतलं उखळ

लंडनजवळच्या स्लाऊला राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी मी एका पडक्या इंग्लिश किल्ल्यात गाईड झाले. ठरवून नव्हे. नवरा पुण्याहून कंपनीच्या कामासाठी आलेला, आणि मी ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका गोदामाच्या ऑफिसात आठवड्याचे चार दिवस फोन घ्यायचे. शनिवारी आम्ही कुठेतरी भटकायला जायचो. अशाच एका शनिवारी तासाभराच्या अंतरावरचा हा किल्ला बघायला गेलो आणि तिथल्या गाईडबाईंना मी इतके प्रश्न विचारले, की बाकीची मंडळी कंटाळून चहाच्या टपरीकडे निघून गेली.

"एक तर प्रश्न थांबव, नाहीतर पुढच्या शनिवारपासून इथे कामाला ये," त्या म्हणाल्या. "पगार नाही. चहा आणि बिस्किटं मिळतील."

मी मनातल्या मनात त्यांना 'बाई'च म्हणायला लागले, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. त्या होत्याही तशाच. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, ताठ, आयुष्यभर शाळेत लॅटिन शिकवलेल्या. त्यांनी माझ्याकडून किल्ल्याची तिन्ही घराणी तोंडपाठ करून घेतली आणि पावसात, छत्रीखाली, चालता चालता माझी परीक्षा घेतली. दोनदा नापास केलं. तिसऱ्यांदा पास झाले तेव्हा स्वतःच्या हाताने केलेला रुबार्बच्या आंबट देठांचा जॅम दिला.

पुढे दोन वर्षं मी दर शनिवारी टूर दिली. शाळांच्या सहली, जपानी पर्यटक, पावसात अडकलेले सायकलवाले, सगळ्यांना. सगळं इंग्रजीत. मग एका वसंतात वेम्बलीहून एका काकांचा फोन आला. मराठी ज्येष्ठ मंडळींची सहल काढतोय, पस्तीसेक लोक आहेत, कोच-बस ठरवलीय. "तुम्ही मराठीत सांगता असं कळलं," काका म्हणाले.

मी तोपर्यंत मराठीत एक वाक्यही सांगितलं नव्हतं. पण "हो" म्हणून बसले.

त्या दिवशी लख्ख ऊन होतं. कोचमधून मंडळी उतरली ती स्वेटर, शाली, पाठीवर सॅक, हातात डब्यांच्या पिशव्या घेऊन. त्यातले बरेचजण तीस-तीस वर्षं इथे काढलेले. काही मात्र मुलांकडे महिना-दोन महिन्यांसाठी आलेले. त्यांच्यातल्या एक मावशी साताऱ्याच्या होत्या. स्टॅनमोरला लेकीकडे आलेल्या. ठेंगण्या, काटक, इरकली लुगड्यावर जावयाचं निळं जाकीट आणि पायात नवेकोरे पांढरे स्पोर्ट्स शूज. त्या सगळ्यांच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या.

बाईही आल्या होत्या. "मला एक अक्षर कळणार नाही, पण तू चुकलीस तर मला हातवाऱ्यांवरून कळेल," असं म्हणून त्या मागे चालू लागल्या.

मी घसा खाकरला आणि सुरुवात केली. आणि एक गंमत झाली. जे शब्द इंग्रजीत मी घोकून घोकून शिकले होते, ते मराठीत आयते तयार होते. तट, बुरूज, खंदक, वेढा, फितुरी, जहागीर. मला काही समजावून सांगावंच लागत नव्हतं. पहिलं घराणं समुद्रापलीकडून राजाबरोबर आलं, त्याला ही जहागीर मिळाली, त्याने मातीची टेकडी रचून वर लाकडी गढी बांधली, नातवाने तिचा दगडी किल्ला केला. माना डोलत होत्या.

"मग त्या नातवाला मुलगा झाला नाही," मी सांगितलं. "एक मुलगी. बाप गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मग राजा तिचा पालक झाला आणि ते पालकत्व त्याने दुसऱ्या एका सरदाराला विकलं."

"विकलं?" सातारच्या मावशी म्हणाल्या. "पोरीला?"

"पोरीला नाही, तिच्यावरचा हक्क. म्हणजे तिचं लग्न कुणाशी लावायचं हे तो ठरवणार. त्याने आपल्याच मुलाशी लावलं आणि किल्ला त्या दुसऱ्या घराण्यात गेला."

"म्हणजे विकलंच की," मावशी म्हणाल्या.

पण त्या पोरीची पुढची गोष्ट मी फार आवडीने सांगायचे. ती मोठी झाली, नवरा लढाईत मेला, आणि शेजारच्या एका सरदाराने बाईमाणूस एकटी आहे असं बघून किल्ल्याला वेढा घातला. ती उन्हाळाभर आत बसून राहिली. रोज सकाळी स्वतः तटावर फेरी मारायची, खालून दिसेल अशी. शेवटी बाहेरच्या सैनिकांना आपापल्या शेतातली कापणी आठवली आणि ते एकेक करून घरी निघून गेले. इथे पस्तीस जणांनी टाळ्या वाजवल्या. मागे उभ्या असलेल्या बाईंनी भुवया उंचावल्या. त्यांच्या टूरला टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.

दुसरं घराणं असंच काही पिढ्या टिकलं. शेवटच्या सरदाराने ज्या राजाची बाजू घेतली तो राजा हरला, म्हणून त्याचं डोकं गेलं आणि किल्लाही गेला. तिसरं घराणं जिंकलेल्या राजाच्या मर्जीतलं. त्यांना लढायची हौस नव्हती, उजेडाची होती. त्यांनी जाड तट फोडून मोठाल्या खिडक्या केल्या.

"तटाला खिडक्या?" वेम्बलीचे काका कळवळले. ते सह्याद्रीतले गड चढून आलेले. "अहो, मग किल्ला कशाला म्हणायचं त्याला!"

"तेच झालं काका. पुढे राजा आणि पार्लमेंटची लढाई लागली तेव्हा हा किल्ला चार दिवससुद्धा टिकला नाही. पार्लमेंटच्या सैन्याने सुरुंग लावून तो कायमचा निकामी केला. नंतर गावकऱ्यांनी दगड नेले. खालच्या गावात डुकरांचे गोठे आहेत, त्यांना किल्ल्याच्या नक्षीदार चौकटी आहेत."

"आणि आता त्या घराण्याचं कोण आहे?" कुणीतरी विचारलं.

"एक आहेत. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका गावात दातांचे डॉक्टर आहेत. वर्षातून एकदा येतात. आमच्या बाई त्यांना तिकीट घ्यायला लावतात."

हसत हसत आम्ही चॅपलमध्ये, म्हणजे किल्ल्यातल्या छोट्या प्रार्थनाघरात पोचलो. छप्पर नाही, तीन भिंती, खाली गवत. पूर्वेच्या भिंतीत एक कोनाडा आणि कोनाड्यात दगडाचं एक खोलगट भांडं. हे बाईंचं सगळ्यात लाडकं ठिकाण. त्यांनीच फार वर्षांपूर्वी बोर्डावरचा मजकूर लिहिला होता. हे पवित्र पाण्याचं पात्र, काठावरचे चार कान म्हणजे बायबलातली चार शुभवर्तमानं लिहिणारे चार संत, तळाचं छिद्र पाणी जमिनीत परत जावं म्हणून. ती वेढ्यातली विधवा तटावर जाण्याआधी रोज इथे बोटं बुडवायची. मीही हे शंभरदा सांगितलं होतं. त्या दिवशीही सांगितलं.

मावशी पुढे झाल्या, वाकल्या, जाकिटाची बाही वर केली आणि हात सरळ आत घातला. आतून सगळीकडे फिरवला. मग माझ्याकडे वळल्या.

"अगं पोरी, हे उखळ आहे की."

"नाही मावशी, ते पवित्र पाण्याचं..."

"पाण्यात बोटं बुडवून दगड असा गुळगुळीत होतोय होय? हात घाल. घाल की!"

मी हात घातला. दोन वर्षं मी त्या भांड्याशेजारी उभी राहत होते, पण आत हात कधी घातला नव्हता. आतली बाजू काचेसारखी होती.

"आता ते भोक बघ. ते कुणी पाडलेलं नाही, पडलेलं आहे. पाडलेल्या भोकाची कड वेगळी असते. हे झिजून झिजून पातळ झालं आणि एक दिवस मुसळ खाली गेलं. मग टाकून दिलं असणार. मी चाळीस वर्षं साताऱ्यात लोकांची मिरची कांडलीये. आधी हातानं, मग मशीन घेतलं. अशी दोन उखळं माझ्याच हाताखाली गेलीत."

"आणि हे कान?" काकांनी विचारलं.

"धरायला. नाहीतर उचलणार कसं? आणि काठाला ही चोच वाटण ओतायला." त्यांनी पुन्हा आत हात घातला. "डाव्या अंगाला जास्त झिजलंय. कांडणारी डावखुरी असणार."

मागून बाईंनी विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

बाईंचा मजकूर, बाईंची विधवा, बाईंचे चार संत. खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण मावशी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. मी सगळं भाषांतर करून सांगितलं, पडलेलं छिद्र, कान, चोच, डावखुरेपण, काहीही न गाळता.

बाईंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, गवतावर गुडघे टेकले आणि डोळे मिटून हात आत घातला. मावशींसारखाच आतून फिरवला. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं, रडतायत. मी पुढे झाले तर त्या हसत होत्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी.

"वीस वर्षं," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं मी बिशपसकट सगळ्यांना या खलबत्त्यात बोटं बुडवायला सांगतेय!"

"खलबत्त्यात" हा शब्द माझा. त्यांनी इंग्रजीत म्हटलं, मी मराठीत मोठ्याने सांगितलं, आणि चॅपलमध्ये हास्याचा असा कल्लोळ उठला की भिंतीवरचे कावळे उडाले.

मग मावशींनी बाईंना हात देऊन उठवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मावशींनी बाईंच्या दोन्ही मुठी एकावर एक ठेवल्या, मुसळ धरल्यासारख्या, आणि दाखवलं: उचलायचं, सोडायचं, हात सैल ठेवायचे, जोर मुसळाचा असतो. बाई चुकल्या की मावशी नुसतं "च्" करत. मला माझ्या छत्रीखालच्या परीक्षा आठवल्या आणि मनातून फार बरं वाटलं.

डबे तिथेच उघडले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कुणाच्या घरचा चिवडा. बाईंनी चटणी चमचाभर घेतली, लालबुंद झाल्या आणि आणखी मागितली.

पुढच्याच आठवड्यात बाईंनी एका म्युझियमला पत्र लिहिलं. तिथून एक तरुण संशोधक आली, टॉर्च घेऊन गवतावर पालथी पडली आणि तासाभराने म्हणाली की हे उखळच आहे. अशी मोडकी उखळं देवाची पात्रं समजून चर्चमध्ये ठेवल्याचं तिने आणखी काही ठिकाणी पाहिलं होतं. हे बहुधा स्वयंपाकघराच्या बाजूला गवतात सापडलं असेल आणि कुणा भाविकाने रिकाम्या कोनाड्यात आणून ठेवलं असेल. डावखुरेपणाबद्दल मात्र ती म्हणाली, असं छातीठोक सांगता येणार नाही.

बाईंनी बोर्डाचा मजकूर नव्याने लिहिला. डावखुरेपण त्यात घातलं नाही, कारण पुरावा नव्हता. पण टूर देताना त्या ते दरवेळी सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "आमच्या साताऱ्याच्या तज्ज्ञांचं मत आहे."

मावशी परत जायच्या आधी लेक त्यांना नवा बोर्ड दाखवायला घेऊन आली. बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती. मी बोर्ड मराठीत वाचून दाखवला. मावशींनी लक्ष देऊन ऐकलं.

"यात मिरचीचं नावच नाही," त्या म्हणाल्या.

"तेव्हा इथे मिरची नव्हती मावशी. खरं तर आपल्याकडेही नव्हती."

"मग कांडत काय होते?"

"मिरी, आलं, दालचिनी. बदाम तर पोत्यांनी."

"बदाम," मावशी म्हणाल्या. "आणि झणका कशाचा?"

बाईंनी माझी बाही ओढली, "काय म्हणतायत?" मी सांगितलं. बाईंनी खिशातून छोटी वही काढली, पेन्सिलीने काहीतरी लिहून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "त्यांना सांग, प्रश्न रास्त आहे. मी शोधून काढते आणि कळवते."