उजवीकडचे वायसर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडलं की माझी जीभ आधी माझीच बाजू घेते.

मंठ्याला माझं लेथचं दुकान आहे. ट्रॅक्टरचे बुश, मळणीयंत्राचे शाफ्ट — आसपासच्या गावांतलं लोखंड झिजलं की माझ्या दारात येतं. नावानं मला कुणी हाक मारत नाही, सगळे मिस्त्रीच म्हणतात. कामाचा गर्व आहे मला, लपवत नाही. वाकडं काही दिसलं की हात शिवशिवतात. लग्नाला गेलो तर नवरा-नवरीच्या आधी मांडवाचे खांब बघतो. बायको म्हणते, तुमच्यासोबत कुठं जायची सोय नाही. हसण्यावारी न्यायची गोष्ट, पण पुढचं सगळं या खोडीमुळं झालं. खोडीमुळं म्हणालो — बघा, घेतली ना जिभेनं बाजू?

हबीब सर आमच्याच गावचे. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी नाझनीन परभणीला शिक्षिका. घरात सर एकटे, आणि घरभर विमानं. खेळण्यातली नव्हेत हो. पंख जोडले की खोलीत मावत नाहीत अशी, पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी, रिमोटवरून उडवायची. गावाला वाटायचं, मास्तर एकटे राहून सटकले. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा अडकलेला बोल्ट काढून घ्यायला ते एका विमानाचं नाक उचलूनच दुकानात आले. बोल्ट निघाला, आणि मी त्या नाकातच अडकलो. त्यानंतर दुकान बंद केलं की माझी सायकल घराकडं वळायच्या आधी सरांच्या गल्लीत वळायची.

ज्याची ही गोष्ट आहे त्या पिवळ्या विमानाचं लाकूडकाम सरांनी एकट्यानं केलं होतं. इंजिनाचं मात्र म्हणाले, आपण दोघं मिळून ठरवू. आयुष्यात मला कुणी असं काही दोघं मिळून ठरवू म्हणालं नव्हतं. माझ्याकडं गवत कापायच्या मशीनचं एक इंजिन पडून होतं, तेच मी पुढं केलं. सरांनी हातावर तोलून पाहिलं आणि हसले. "मिस्त्री, पहलवान नक्को. बैल होना." म्हणजे उगाच फिरक्या घेणारं, वजनदार नको, लहानसं, पण मोठा पंखा सावकाश आणि बराबर ओढत राहील असं हवं. नाक जड झालं तर शेपटीत शिसं भरावं लागतं, आणि मग सगळं विमानच जड होतं. हे त्यांनी मला एक फूटपट्टी बोटावर तोलून समजावलं. शेवटी पुण्याच्या एका शौकिनाकडून वापरलेलं एक टू-स्ट्रोक इंजिन मिळालं. मी ते पूर्ण खोललं, धुतलं, रिंग बदलली. अंगणात कडुनिंबाला बांधून चालवलं तेव्हा शेजारच्या कोंबड्या दिवसभर दिसल्या नाहीत.

बसवायचं काम माझं होतं. विमानाच्या नाकात एक जाड फळी असते, तिच्यावर इंजिन चार लहान खांबांवर बसतं. आम्ही तिला पाट म्हणायचो. तो पाट सरांनी आधीच चिकटवून ठेवला होता. मी सवयीनं काटकोन बघायचा गुण्या लावला — आणि पाट वाकडा. फार नाही, जरासा उजवीकडं वळलेला.

आता इथं थांबून मी तुम्हाला विचारतो. अशा वेळी माणूस काय करतो? विचारतो. सर बाजूच्या खोलीत चहा करत होते. कपबशा वाजत होत्या. एक हाक मारायची होती. पण त्याच वर्षी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि मला वाटलं, डोळ्यांनी दगा दिला बिचाऱ्यांना. सांगितलं तर खजील होतील. म्हणून मी गुपचूप उजवीकडच्या दोन खांबांखाली वायसर, म्हणजे लोखंडाच्या चपट्या चकत्या, घातले, इंजिन गुण्यात आणलं आणि बोल्ट आवळले. सरांना वाईट वाटू नये म्हणून केलं, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल. खरं हे की मला मजा आली. शिकलेल्या माणसाची चूक मला सापडली होती.

त्यावर नाकाचं झाकण बसवलं तर पंख्याच्या मधला टोकदार बोंडा झाकणाच्या भोकाला डाव्या बाजूनं घासायला लागला. सरांनी ते भोक इतकं नेमकं पाडलं होतं की इंजिन त्यांच्या पाटावर तसंच ठेवलं असतं तर बोंडा बरोबर मध्ये आला असता. हे मला दिसलं. पाट चुकून वाकडा झाला असता तर भोक त्याच्याशी इतकं कसं जुळलं असतं? एवढा विचार तर कालचा शिकाऊही करेल. मी कानस घेतली आणि भोक डावीकडून मोठं केलं.

विमान पहिल्यांदा उडवायचं ते परतूर रोडच्या अंगाच्या माळावर. सकाळची वेळ, वारा बेताचा. नाझनीन मुद्दाम परभणीहून आली होती. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते तिला एकेक भाग दाखवत होते, शाळेत दाखवत असतील तसे. नाकापाशी आले आणि म्हणाले, "ये देख बेटा, इंजन मैं जान-बूझ के टेढ़ा बिठाया. पंखा घूमता तो जहाज को बाएँ खींचता. इस वास्ते थोड़ा दाएँ मुँह करना पड़ता." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मिस्त्री को पूछ, इनोंच बिठाए."

ती माझ्याकडं बघत होती. सरही बघत होते. मी मान हलवली. "बराबर आहे," म्हणालो.

पाना माझ्या खिशात होता. झाकणाचे स्क्रू काढायचे, इंजिन सैल करायचं, वायसर काढायचे — असं किती काम होतं? "सर, थांबा, माझ्याकडून एक चूक झाली," एवढं वाक्य. पण मुलीसमोर? ज्या माणसानं आत्ताच माझं नाव कौतुकानं घेतलं त्याच्यासमोर? मी मनाशी म्हटलं, जरासं तर आहे, सर मुरलेले आहेत, सांभाळून घेतील. पंखा फिरवून इंजिन मीच चालू केलं.

पुढचं मला रोज दिसतं, पण सांगण्यासारखं त्यात थोडंच आहे. विमान धावलं, वर उठलं आणि लगेच डावीकडं ओढ घेऊ लागलं. सरांनी रिमोटवरची काठी अंगठ्यानं उजवीकडं दाबली. ते सरळ झालं, पुन्हा डावीकडं गेलं. मग डावा पंख एकदम खाली झुकला आणि ते माळाच्या कडेला नाकावर आदळलं. लाकडाचा आवाज झाला, आणि मग टिटवी ओरडत राहिली.

सगळ्यात आधी मी पळालो. सर हळूहळू येत होते, नाझनीननं त्यांचा हात धरला होता. पाट फुटला होता, इंजिन मातीत रुतलं होतं, खांब उपटून निघाले होते. मी गुडघ्यावर बसलो, माती चाचपली आणि वायसर वेचून खिशात टाकले.

हे ऐकताना तुम्ही म्हणाल, घाबरून माणूस काहीही करतो. मी घाबरलो नव्हतो. इतक्या शांतपणे मी कधी काही केलं नसेल. एक वायसर सापडत नव्हता, तर सर जवळ येईपर्यंत मी तोही शोधला. पंखांवरच्या त्या पिवळ्या कपड्याच्या चिंध्यांत माझा हात अगदी नीट चालत होता.

सर आले. मग स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडं बघत म्हणाले, "उँगली लेट हो गई, मिस्त्री." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, तुमच्या मेहनतीची मी माती केली. ते माझी माफी मागत होते हो. आणि मी ती मागू दिली.

परभणीला परत जायच्या आधी नाझनीन दुकानात आली. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. "चाचा, सच बोलो. अब्बा की आँखाँ, हाथ… सच्ची में कमज़ोर हो गए क्या? वो रात-दिन येच बोल रै. मैं क्या समझूँ?" ती मला विचारायला आली होती, कारण त्या माळावर कामाचं कळणारा तिच्या लेखी मीच होतो. मी लेथवरचा लोखंडाचा कीस पुसत म्हणालो, "बेटा, वय झालं. आता एकट्यानं असं काही करू देऊ नको त्यान्ला."

माळावर मी गप्प बसलो, तो भित्रेपणा. पण हे? हे तर मी बोललो. नीट, विचार करून, काकाच्या आवाजात.

तिनं मनावर घेतलं. वाईट मुलगी नाही ती, बापाची काळजी करणारी आहे. आधी सरांची स्कूटर विकली. अर्धवट विमानं कुणाकुणाला देऊन टाकली. सरांनी अडवलं नाही, कारण त्यांचा स्वतःचाच स्वतःवर विश्वास उरला नव्हता. माझ्या दुकानावरची पाटी त्यांच्या हातची आहे. उन्हानं रंग उडाला, म्हणून मी एकदा म्हटलं, सर, तेवढी नव्यानं रंगवून द्या. म्हणाले, "अब नै. हाथ पे भरोसा नै रहा. लकीर टेढ़ी आई तो तुमकोच बुरा दिखता." चहाचा पेला ते आता दोन्ही हातांनी धरतात. हात थरथरत नाही त्यांचा. मी बघितलंय, अजिबात थरथरत नाही. तरी दोन्ही हातांनी धरतात.

इंजिन त्यांनी मला देऊन टाकलं. आता ते फळीवर आहे, तेल पुसून, गोणपाटात बांधलेलं. वायसर जवळच्या डब्यात आहेत. दुसऱ्या कामाला वापरायचं म्हणून कधी डबा उघडतो, आणि झाकण पुन्हा लावतो.

सांगितलं तर ते रागावतील ही भीती आहे का? नाही. सर माफ करतील, चहा सांगतील, वरून माझीच समजूत काढतील. पण मग स्कूटर, विमानं, पाटी, इतक्या दिवसांचा तो पेला — हे सगळं कुणी केलं ते त्यांना कळेल. आणि ते मला मिस्त्री म्हणताना जसं म्हणतात तसं पुन्हा म्हणणार नाहीत. त्यांच्या हातांपेक्षा मला ती हाक जास्त हवी आहे. असा मी आहे.

गेल्या आठवड्यात ते दुकानात आले. अधूनमधून येतात, दाराजवळच्या स्टुलावर बसतात. मी एक शाफ्ट लेथवर बांधून मशीन नुकतंच सुरू केलं होतं. सर बसले नाहीत. उंबऱ्यातच थांबून फिरत्या शाफ्टकडं बघत राहिले. मग अगदी हळू, चूक आपलीच असणार अशा आवाजात म्हणाले, "मिस्त्री, ये थोड़ा डोल रा क्या?"

मी तिकडं न बघताच म्हणालो, "न्हाई सर. बराबर चालू राह्यलंय."

"हौ," ते म्हणाले. "मेरी आँखच…" आणि चष्मा पुसला. थोडा वेळ बसले, कापसाचं बोलले, पावसाचं बोलले, आणि भिंतीला हात लावत पायऱ्या उतरून गेले.

ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी थांबलो. मग मशीन बंद केलं, वाकडेपणा मोजायचा काट्याचा डायल लावला आणि शाफ्ट हातानं फिरवला. काटा हलला. शाफ्ट केसभर वाकडा बसला होता, आणि सरांना तो उंबऱ्यातून दिसला होता.