ककणेराचं घर करताना

भातं कापून झाली होती. पडवीत एका खिडकीची चौकट ठोकत बसलो होतो, तेव्हा एक मुलगी आली आणि म्हणाली, "काका, पक्ष्यासाठी घर करून द्याल?"

मी पिढीजात सुतार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खोऱ्यात चाळीस वर्षं दारं, पलंग, देव्हारे केले. मला वाटलं, हिला पोपट ठेवायचाय.

"पिंजरे मी करत नाही," मी म्हटलं.

"पिंजरा नको. वाटेल तेव्हा येता येईल आणि निघूनही जाता येईल असं घर हवंय. ककणेरासाठी."

ककणेर म्हणजे पुस्तकातला धनेश. मोठा काळा-पांढरा पक्षी, चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखं शिंग. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते आणि चोच जाईल एवढीच फट ठेवते. मग पिल्लं उडेपर्यंत नर तिला बाहेरून भरवतो. लहानपणी नदीकाठी हे सगळं पाहिलेलं. तो नदीकाठ आता विजेच्या धरणाखाली गेलाय. गेलेल्या जंगलाच्या बदल्यात आमच्या गावामागच्या उतारावर नवं जंगल उभं करायचं ठरलं होतं, आणि ही मुलगी त्याच कामावर नेमलेली. बेहडा, उंबर, सातवीण लावून झाली होती.

"झाडं वाढतील हो," ती म्हणाली. "पण ढोली पडण्याएवढी जुनी व्हायला त्यांना किती वर्षं लागतील? तोवर यांनी अंडी कुठे घालायची?"

मी हो म्हटलं. फणसाच्या फळ्या घेतल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या, सांधे असे बसवले की आत उजेड येणार नाही. वरच्या बाजूला गोल भोक ठेवलं. नारळ पाडणारा आमचा पाडेली माझ्या शाळेतला सोबती. त्याने ती पेटी गावदेवीच्या राईतल्या उंच आंब्यावर दोराने चढवली आणि बांधली.

त्या वर्षी ककणेराची जोडी आली. नराने भोकात डोकं घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. मग दोघंही उडून गेली. पंधरा दिवसांत पेटीत मधमाश्या शिरल्या. तोवर माझं काम कोणी परत केलं नव्हतं. मला ते फार लागलं.

मे महिन्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं, तेव्हा पाडेली म्हणाला, "मेस्त्री, ककणेराचा बेहडा उघडा पडलाय. बघून येऊया?" त्या बेहड्याच्या ढोलीत आमच्या लहानपणी दरवर्षी घरटं असायचं. आम्ही दोघं आणि ती मुलगी खाली उतरलो. चिखल वाळून भेगाळला होता आणि त्यावर तो बेहडा आडवा पडलेला. खोड अजून शाबूत होतं. ढोलीचं तोंड माझ्या छातीच्या उंचीवर आलं होतं.

मी बॅटरी लावून आत पाहिलं, मग खांद्यापर्यंत हात घातला. तोंड गोल नव्हतं, खोडाच्या लांबीला उभट आणि अरुंद होतं. आतली बाजू ओबडधोबड, लाकूड वीतभर जाड. आणि तोंडाच्या वरच्या अंगाला, म्हणजे शेंड्याच्या बाजूला हात सरकवला, तर तो जातच राहिला. वर आणखी हातभर पोकळी होती.

"ही वरची जागा कशाला?" मी विचारलं.

मुलगी वाकून पाहायला लागली. "कोणी तोंडातून आत घुसायला बघितलं, तर मादी वर चढून लपत असेल. असं मी वाचलंय, पण हाताने कधी चाचपलं नव्हतं."

"म्हणजे हिला माळा पाहिजे," मी म्हटलं.

घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते. बायको म्हणाली, "जेवून तरी घ्या." मी उभ्या उभ्या जेवलो आणि फळ्या काढल्या. या वेळी भिंती दुहेरी केल्या आणि मधे काथ्या ठासला, म्हणजे उन्हात आत तापणार नाही. आतल्या बाजूला रंधा लावलाच नाही. उलट पटाशीने खाचा पाडल्या, नखं रोवता यावीत म्हणून. तोंड उभट ठेवलं आणि त्याच्या वर हातभर माळा. पाडेलीने ही नवी पेटी त्याच आंब्यावर नेऊन बांधली.

पुढच्या फेब्रुवारीत मी एका दाराला बिजागऱ्या लावत होतो. पाडेली धापा टाकत आला. "मेस्त्री, हातातलं टाका नि चला. ती आत बसली."

राईबाहेरच्या दगडी गडग्याआडून आम्ही पाहिलं. माझ्या पेटीच्या तोंडातून पिवळी चोच आडवी फिरत होती, गवंडी थापी फिरवतो तशी. दिवसागणिक तोंड बुजत गेलं आणि शेवटी उभी फट उरली. मला दुसरं काही सुचेना. एप्रिलच्या उन्हात रोज दुपारी जाऊन बसायचो. काथ्या पुरेल का, सांधा उकलेल का, हाच घोर. नर यायचा आणि गळ्यातून एकामागून एक उंबरं काढून फटीत द्यायचा.

एकदा बायको माझा डबा घेऊन तिथे आली. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तो बघा कसा बायकोला बसल्या जागी आणून देतोय." मी डबा उघडून पहिला घास तिच्यापुढे धरला. तिने माझा हात बाजूला सारला, पण हसली.

मेच्या शेवटी एका सकाळी लिंपणाचे ढलपे खाली पडायला लागले. आधी मादी निघाली, पिसं विस्कटलेली. मग तासभर काहीच नाही. त्यानंतर तोंडाशी पिल्लू आलं आणि नुसतं उभं राहिलं. मी पाडेलीचा दंड धरून ठेवला होता. पिल्लाने पंख पसरले, धडपडत शेजारच्या फांदीवर गेलं आणि तिथे टेकलं. पाडेली हळूच म्हणाला, "आता दंड सोडा." मुलगी वर बघतच वहीत वेळ लिहीत होती आणि तिचं अक्षर भलतीकडेच चाललं होतं.

तेव्हापासून मी आणखी चार पेट्या केल्या. एकीत घुबड राहतं, दोन रिकाम्या आहेत, चौथीत यंदा ककणेराची दुसरी जोडी बसली.

आंब्याखाली ककणेरांनी टाकलेल्या बियांची पावसात एवढी रोपं उगवली, की पाय ठेवायला जागा नव्हती. मुलीने ती मुळांसकट काढून पिशव्यांत भरली आणि आम्ही तिघांनी उतारावर नेऊन लावली. पाडेलीला त्यातलं एक झाड ओळखता आलं नाही. मुलगी सांगते ते नाव त्याला पटत नाही, आणि तो अजून त्यावरून तिच्याशी वाद घालतो.