धार निघेपर्यंत चाललेली सभा

टीव्हीवर निवडणुकीचा वाद लागला की पाच मिनिटांत आमचा सोफा रिकामा होतो. सून स्वयंपाकघरात, मुलगा मोबाईलमध्ये. "हल्ली शेवटपर्यंत कोण बघतं, आई?" असं तो मला विचारतो, जणू पूर्वी सगळे डोळ्यात तेल घालून बसायचे! मी मात्र बघते. तो सगळा आरडाओरडा सोसून निवेदक नमस्कार करेपर्यंत बघते. खरी गंमत शेवटी असते हे मी माझ्या आईकडून शिकले, आणि ते सांगायचं तर म्हशीपासून सुरुवात करावी लागेल.

सत्तर सालानंतरच्या एका निवडणुकीतली ही गोष्ट. आमचं गाव राहात्यापासून तीन कोसांवर. मी सातवीत होते आणि गावची शाळा सातवीलाच संपायची. पुढचं हायस्कूल राहात्याला. आमच्या फाट्यावरून एसटी जायची, पण तिथं थांबा मंजूर नव्हता, त्यामुळे ती धुरळा उडवून निघून जायची. "गाडी थांबत आसती तर धाडली आसती पोरीला," एवढंच वडील म्हणायचे, आणि मग हटकून माझ्या लग्नाचा विषय निघायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दर निवडणुकीला उमेदवार आपापल्या दिवशी एकेकटे यायचे, वेगवेगळं सांगून जायचे आणि मागं गावात भांडणं लावून जायचे. म्हणून या खेपेला सरपंचांनी दोघांना एकाच दिवशी चावडीच्या एकाच ओट्यावर बोलावलं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं खोडायचं, आणि शेवटी गावानं प्रश्न विचारायचे. आई आठ दिवस प्रश्न घोकत होती. भाकरी थापताना, खुरपताना तिच्या तोंडी तेच: फाट्यावर गाडी कधी थांबणार?

अडचण एकच होती. आमची म्हैस आईशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. वडिलांनी एकदा आईचं लुगडं गुंडाळून तिला फसवायचा प्रयत्न केला होता. लाथ खाल्ली, आणि गावानं महिनाभर चेष्टा केली ती वेगळीच.

सभा दुपार कलल्यावर सुरू झाली. एक उमेदवार टोपीवाले, पिकलेल्या मिशांचे. दुसरे तरुण वकील. टोपीवाले पाटपाण्यावर बोलले, वकिलांनी ते खोडलं, टोपीवाल्यांनी खोडलेलं पुन्हा खोडलं. पहिला तास टाळ्याच टाळ्या. चहा झाला तशी मागची रांग सटकली. पुढं धारांची वेळ झाली, आणि माणसं धोतर झटकत एकेक उठू लागली. बायका तर सगळ्याच उठल्या. आईही उठली. मला रडूच कोसळलं. माझं हायस्कूल तिच्याबरोबर गोठ्याकडं निघालं होतं.

वकिलांनी घड्याळ बघितलं. "प्रश्न काही दिसत नाहीत. आम्हाला पुढच्या गावाला जायचंय," ते म्हणाले.

तेवढ्यात आई परत आली. एका हातात चरवी, दुसऱ्या हातात म्हशीचं दावं. चावडीपुढच्या अरुंद, मागून बंद बोळात दोघांच्या जीपा एकामागं एक उभ्या होत्या. आईनं पुढच्या जीपच्या बंपरला म्हैस बांधली, खाली बसली आणि धार काढायला लागली.

सरपंच वडिलांचे चुलतभाऊ. "वहिनी, हे काय मांडलंय?" ते ओरडले.

"धार काढतेय, भावजी. तुमी सभा चालू द्या. माजा प्रश्न हाय."

ड्रायव्हर दावं सोडायला धावला, तर वडील आडवे आले. "आर्ध्या धारंला जनावर हालवायचं न्हाई! उद्यापास्नं दूध चोरंल ती."

टोपीवाल्यांच्या घरीही म्हशी होत्या. ते पुन्हा ओट्यावर बसले, मग वकीलही बसले. म्हैस सभेला आली ही बातमी गावभर झाली आणि घरी गेलेली माणसं हसत हसत परत आली. सुरुवातीला नव्हती एवढी गर्दी शेवटाला जमली.

आईनं पदर कपाळावर ओढला आणि म्हशीच्या पोटाआडूनच विचारलं, "फाट्यावर यष्टी कवा थांबनार? माजी पोर सातवीला हाय. तिला राहात्याला शिकाया जायचंय."

निवडून दिलंत तर थांबवू, असं टोपीवाले म्हणाले. वकील म्हणाले, आम्हीही थांबवू.

"मंग दोगंबी आत्ताच एका कागदावर लिवून द्या," आई म्हणाली. "कुनीबी निवडून या, कागद त्योच."

लोक असे ओरडले की म्हशीनं कान टवकारले. शाळेच्या मास्तरांनी एसटीच्या नावानं थांब्याचा अर्ज लिहिला, दोघांनी जीपच्या बॉनेटवर सह्या ठोकल्या. मी आईच्या शेजारी उकिडवी बसले होते. धार कधीच संपली होती, ती रिकाम्या आचळांना नुसते हात लावून बसली होती. मी कुणाला सांगितलं नाही. सह्या वाळल्यावर तिनं दावं सोडलं.

जूनमध्ये थांबा मंजूर झाला. पहिल्या दिवशी आई मला फाट्यावर घेऊन आली. लांबून गाडी दिसताच तिनं हात वर केला. गाडी खरंच थांबली. मी चढले, कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं?" मला इतका आनंद झाला होता की राहाता म्हणायचं सोडून मी "हायस्कूल!" म्हणाले. अख्खी गाडी हसली, मीही हसले. गाडी निघाल्यावर मागच्या काचेतून पाहिलं, तर थांबवायला वर केलेला हात आईनं अजून खाली घेतला नव्हता.