डाव्या हाताचे पाच दाणे

मी अपमान विसरत नाही. कुणी चांगलं केलं तर एखाद्या वेळेस विसरेन, कारण तेवढी मी कृतघ्न आहे. पण ज्यानं चारचौघांत माझं हसं केलं, त्याच्या शर्टाचा रंगसुद्धा मला आठवतो. त्या दिवशी सरांचा शर्ट पिस्ता रंगाचा होता.

मी जळगावच्या पिंप्राळ्याला राहते. एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि कॉलनीतल्या बायकांच्या भजनी मंडळात वीस वर्षं पेटी वाजवली आहे. पेटी मला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या गावी सोनगीरला शिकवली. आई गेल्यावर आबा आमच्याकडे राहायला आले ते दोन धोतरं, आईचा फोटो आणि पेटी घेऊन. बाकी सगळा संसार गावाकडच्या भावाला देऊन टाकला.

बेचाळिसाव्या वर्षी मला पियानो शिकायची हौस आली. जळगावात एक क्लास निघाला होता. आबांना म्हटलं, चला, बघून येऊ. क्लासात पंधरा-वीस मुलं, त्यांच्या आया, आणि मध्ये पिस्ता शर्टातले सर. सर म्हणाले, "बसा, काही येत असेल तर वाजवा." मी बसले. उजव्या हातानं एक भजन झकास वाजवलं. डोळे मिटून वाजवत होते, त्यामुळे हसणं ऐकू आलं तेव्हाच कळलं की काहीतरी चुकतंय.

माझा डावा हात हवेत भाता मारत होता. पुढे-मागे, पुढे-मागे, तालात. पेटीला एका हातानं सूर आणि दुसऱ्या हातानं हवा, ही सवय वीस वर्षांची. पियानोला भाता नसतो हे डोक्याला माहीत होतं, हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. एक बाई मोबाईलवर शूटिंग करत होती. मीही हसले असते, खरंच सांगते. चूक हसण्यासारखीच होती.

पण सर बोलले. "हे कोणत्या गावठी माणसानं शिकवलं हो तुम्हाला? त्याला सांगा, भाता मारून संगीत होत नाही, चूल पेटते. आणि या वयात हा हात सुटायचा नाही. उगाच मुलांचा वेळ कशाला घालवता?"

तो गावठी माणूस तिथे माझ्या मागच्याच खुर्चीवर बसला होता. धुतलेलं धोतर नेसून, मुद्दाम टोपी घालून आला होता. आबा उठले, चपला घातल्या आणि रिक्षा येईपर्यंत उन्हात उभे राहिले.

दोन दिवसांत तो व्हिडिओ सगळ्या कॉलनीच्या मोबाईलवर. खाली दात विचकणारी ती पिवळी तोंडं. भाजीवालीसुद्धा विचारायला लागली, "काकू, तुम्हीच का त्या भातावाल्या?" माझं जाऊ दे, मी तोंडाची तिखट, चार लोकांना सुनावून मोकळी झाले. पण आबांनी त्या संध्याकाळी पेटी लाकडी खोक्यात घातली, कडी लावली आणि म्हणाले, "त्यानं तोंड बंद व्हई, तवय पेटी उघडसू. तोपावत मी पेटीले हात लावाव नही." म्हणजे त्याचं तोंड बंद होईपर्यंत पेटीही बंद.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. रोज सकाळी तासभर वाजवल्याशिवाय चहा न घेणारा. पहिल्या सकाळी ती शांतता ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, थांब मेल्या. तुझं तोंड तुझ्याच माईकवर बंद करते, आणि याच डाव्या हातानं करते.

त्या क्लासची धुळ्यालाही शाखा होती, तिथे शिकवायला एक तरुण मुलगी होती. सर तिथे फक्त वर्षातून एकदा, वार्षिक कार्यक्रमाला यायचे. मी तिथे नाव घातलं. दर रविवारी सकाळी एसटीनं पारोळ्यावरून धुळं, दुपारी परत. नवरा म्हणाला, "जळगावात क्लास असताना कुणी धुळ्याला जातं का?" मी म्हटलं, "मी जाते."

घरी एक जुना डिजिटल पियानो घेतला आणि आबांच्या पेटीशेजारी ठेवला. कानाला हेडफोन लावून सराव करायचा. कॉलनीत कुणाला सुगावा लागू द्यायचा नव्हता. बाहेर फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू यायची. शेजारीण समजायची, मी ऑफिसचं टायपिंग घरी आणते.

त्या मुलीनं, मी तिला मॅडमच म्हणायचे, मला सरावाचं वेळापत्रक लिहून दिलं. रोज सकाळी साडेपाच ते साडेसहा. पहिली वीस मिनिटं फक्त डावा हात. उजवा मांडीवर ठेवायचा, गप्प. पाच बोटं पाच पट्ट्यांवर, एकेक बोट उचलायचं, बाकीची चार जागेवर. करंगळीच्या शेजारचं बोट तर असं आडमुठं की त्याला उचल म्हटलं की शेजारचं उठायचं. मग दहा मिनिटं स्केल, म्हणजे सुरांची चढ-उतार, अंगठा बाकीच्या बोटांखालून काढायचा. मग दहा मिनिटं दोन्ही हात. उरलेला वेळ एका तुकड्याच्या चार ओळी, चारच, पुढे जायचं नाही. मेट्रोनोम, म्हणजे टकटक करत लय देणारं यंत्र, पन्नासवर ठेवायचा. पाच वेळा सलग न चुकता आलं, तरच बावन्न.

ते पाच मोजायला मॅडमनं युक्ती सांगितली. पियानोच्या उजव्या कडेला पाच वस्तू ठेवायच्या. बिनचूक वाजलं की एक डावीकडे सरकवायची. एक जरी चूक झाली, तर सगळ्या परत उजवीकडे. मी शेंगदाणे घेतले. आबांच्या पेटीच्या खोक्यावर जुनी शाल घातलेली होती, तिच्यावर दाण्यांची वाटी ठेवायला जागा बरी होती.

आणि काय सांगू, प्रत्येक दाणा म्हणजे त्या माणसाचा एक दात. पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, चौथा... आणि चूक! सगळे दात परत त्याच्या तोंडात. मी पट्ट्यांवर मूठ आपटायचे. सव्वासहाला पाचवा दाणा डावीकडे गेला की मला असं समाधान व्हायचं की चहा गोड लागायचा. कुणाला वाटेल, ही बाई संगीताच्या प्रेमानं बसते. छे हो! मी दात पाडायला बसायचे.

भाता मात्र सुटेना. डोकं दुसरीकडे गेलं की डावा दंड आपोआप हलायला लागायचा. शेवटी काखेत घडी केलेला टॉवेल धरायला लागले. दंड हलला की टॉवेल खाली. नवऱ्यानं एकदा दारातून पाहिलं: काखेत टॉवेल, कानाला हेडफोन, समोर दाणे. म्हणाला, "काय, करणी करतेस की काय कुणावर?"

"हो," मी म्हटलं. "आणि तू दाणे खात जाऊ नकोस. काल वाटी भरली होती."

"मी? शपथ घेऊन सांगतो, मी हात लावला नाही."

मला खरं वाटलं नाही. येता-जाता तोंडात टाकायची त्याची सवय मला माहीत आहे. महिन्यातून दोनदा वाटी रिकामी व्हायची, दोनदा मी त्याला बोलायचे आणि नवे दाणे घालायचे.

पहिलं वर्ष असं गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात मी अडकले. मेट्रोनोम शहात्तरच्या वर जाईना. कूलर चालू असूनही पट्ट्या घामानं बुळबुळीत, आणि मनगट दुखायला लागलं. मॅडमनं धुळ्याला माझं मनगट हातात धरून पाहिलं. "काकू, हा दगड झालाय. वाजवताना कुणाचा गळा आवळता काय?"

"हो," म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं. पिस्ता शर्ट, चूल, आबांची पेटी, सगळं.

ती घाबरेल असं वाटलं होतं, शेवटी त्यांच्याच क्लासात नोकरीला होती. ती हसली. म्हणाली, "मग राग पोटात ठेवा, मनगटात नको. मनगटात राग आला की बोट उशिरा पोचतं. आणि तुम्हाला त्यांच्यासमोर उशिरा पोचायचं नाहीये." मग तिनं मला परत पन्नासवर आणलं. शहात्तरवरून पन्नास! मला रडू आलं. पण मुकाट्यानं बसले. हात सैल, खांदा सैल, दात पाडायचे पण अलगद. तीन महिन्यांत चौऱ्याऐंशी झाले आणि काखेतला टॉवेल कधी सुटला तेही कळलं नाही.

आबा त्या खोलीत कधी यायचे नाहीत. सकाळी गॅलरीत बसून रहायचे. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर हलायची, ती मी पाहिली की दाणे जास्तच जोरात सरकवायचे. त्यांचे गुडघे गेले, मग एका डोळ्यानं दिसेना. मला घाई झाली. आबा दर आठवड्याला विचारायचे, "बंद व्हयनं का त्यानं तोंड?" मी म्हणायचे, "होईल आबा. थोडं थांबा."

तिसऱ्या वर्षी मॅडमनं कार्यक्रमात माझं नाव घातलं. आबांना धुळ्यापर्यंतचा प्रवास झेपला नसता, ते घरीच राहिले. हॉल भरलेला. सर आले, तेच, जरा टक्कल पडलेलं. मी स्टेजवर गेले तेव्हा माझ्याकडे पाहून नमस्कार केला. ओळखलंच नाही त्यांनी मला! तीन वर्षं मी रोज या माणसाचे दात पाडतेय, आणि याला माझं तोंडसुद्धा आठवत नाही.

मी वाजवलं. मुद्दाम निवडलेला तुकडा, ज्यात सगळी चाल डाव्या हाताकडे असते आणि उजवा नुसता साथीला. एकही दाणा परत गेला नाही. टाळ्या पडल्या आणि सर लगबगीनं माईककडे आले. "पाहिलंत पालकहो? वय काहीही असो, आपल्या क्लासची पद्धत अशी आहे की..."

अस्सं! म्हणजे हेही यांचंच.

मी उठलेच नाही. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, तेच भजन सुरू केलं, आणि डावा हात हवेत धरून भाता मारायला लागले. पुढे-मागे, पुढे-मागे. आधी दोघं-तिघं हसली, मग अर्धा हॉल. व्हिडिओ धुळ्यालाही पोचला होताच. सरांनी वळून हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. तेव्हा ओळखलं.

मी माईक मागून घेतला. सरांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, गावठीपासून चुलीपर्यंत. म्हटलं, "तो गावठी माणूस माझे वडील. ते तुमच्यासमोर बसले होते. त्यांनी त्या दिवसापासून पेटी वाजवली नाही."

"अहो, ते मी गमतीनं..."

"त्यांना गंमत कळली नाही. चुकलो म्हणा."

पुढच्या रांगेत चार-पाच मोबाईल वर झाले. सरांनी पडद्याकडे पाहिलं, जिथे मॅडम उभी होती, पण तिनं मान दुसरीकडे फिरवली. शेवटी म्हणाले, "चुकलं माझं." माईकवर, स्पष्ट. मग गप्प.

परतीच्या एसटीत मी एकटीच हसत होते. घरी पोचले तेव्हा आबा गॅलरीतच होते. मी चप्पल न काढता त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. ते पुढे झुकले. "त्यानं तोंड कसं व्हयनं व्हतं?"

"भरताचं वांगं विस्तवावर ठेवल्यावर होतं तसं, आबा. आधी टरारून फुगलं, मग बसलं."

आबा इतके हसले की ठसका लागला. मग टोपी सरळ केली. "पेटी काढ."

मी दाण्यांची वाटी उचलली, शाल काढली, कडी उघडली. खोक्याच्या मागच्या कोपऱ्यातली फळी उचकटलेली होती, ती मला कधी दिसलीच नव्हती. आबांनी पेटी मांडीपुढे घेतली, उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि डाव्यानं भाता ओढला. फुस्स झालं, नुसती हवा. परत ओढला. मग त्यांनी चाचपडत मागे हात घातला आणि भात्याच्या चामड्याला पडलेल्या भोकात त्यांची तीन बोटं आत गेली.

बोटं बाहेर आली ती मूठ भरून. लाल-तपकिरी, पातळ, कुरकुरीत काहीतरी. त्यांनी ते बऱ्या डोळ्याजवळ नेलं.

"हाई काय शे?"

शेंगदाण्याची सालं. तीन वर्षांची. मी हेडफोन लावून त्या माणसाचे दात पाडत होते, तेव्हा हातभरावर उंदीर माझेच दाणे नेऊन माझ्या बापाचा भाता कुरतडत होते. नवरा दारात उभा होता. तो दाण्यांची वाटी उचलून आत घेऊन गेला.

"माझे दाणे, आबा," मी म्हटलं. "सरावाचे."

आबांनी सालं माझ्या डाव्या हातावर ठेवली. पेटीवरून हात फिरवला, झाकण लावलं. मग म्हणाले, "त्यानं तोंड कसं व्हयनं व्हतं? आजून एकदाव सांग."

मी सांगितलं. वांगं, विस्तव, सगळं. या वेळी आम्ही दोघंही हसलो नाही.