मागचा दिसतोय का?

पंक्चरवाल्याला वाटलं, चाक बसलं असेल. तो हात पुसत उठला. शाळेची व्हॅन त्याच्या दुकानासमोर कडेला येऊन उभी राहिली होती, फुटपाथला लागून, लायसन्सच्या परीक्षेत उभी करतात तशी सरळ. चारही इंडिकेटर उघडझाप करत होते. त्याने वाकून चाकं पाहिली, तर सगळी टणटणीत. मग चालकाच्या खिडकीतून आत पाहिलं. चालकाचं डोकं मागे टेकलेलं होतं आणि हात ओढलेल्या हँडब्रेकवर होता. मागे मुलं पट्टे लावून चिडीचूप बसली होती. त्याने काच ठोकली, तेव्हा शेवटच्या सीटवरची मुलगी म्हणाली, "काका अजून उतरले नाहीत. त्यांनी दार उघडल्याशिवाय आम्ही उतरत नाही."

ती मुलगी माझी. काका गेले होते आणि मुलं ते उतरायची वाट बघत बसली होती. मी हे वाक्य कितीदा तरी मनाशी म्हटलंय, पण ते अजून घशाखाली उतरत नाही.

आम्ही त्यांना आरसेकाका म्हणायचो. गाडीबरोबर आलेले आरसे त्यांना पुरत नसत. एक मागच्या काचेवर, एक छतापाशी, आणि एक चक्क न्हाव्याने टाकून दिलेला, कापून समोर बसवलेला. इमारतीतले टवाळ म्हणायचे, काकांना पुढचा रस्ता दिसतो की नाही देव जाणे, मागचा मात्र बायकोच्या माहेरापर्यंत दिसतो. काका मनापासून हसायचे आणि आरसे पुसत राहायचे.

सैन्यात ते ट्रक चालवत. डोंगरातल्या चौक्यांवर धान्य, रॉकेल, औषधं पोचवायचं काम. बंदूक कितीदा चालवली, असं मुलांनी विचारलं की सांगत, बंदूक सीटमागे टांगलेली असायची, तिला माझ्यापेक्षा जास्त झोप मिळायची. पण ताफ्याचा नियम ते गंभीर होऊन सांगत. ताफ्यात प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीवर नजर ठेवायची. मागची दिसेनाशी झाली की आपण थांबायचं. आपण थांबलो की आपल्या पुढचा थांबतो, मग त्याच्या पुढचा. असा सगळा ताफा थांबतो आणि कुणी एकटं मागे राहत नाही.

एकदा धुक्यात त्यांना मागचा ट्रक दिसेना, म्हणून त्यांनी ब्रेक लावला. सगळा ताफा घाटात खोळंबला. साहेब खवळून मागे चालत आले. सगळे मिळून शोधायला गेले, तर मागचा चालक चाकाच्या आडोशाला लघवीला उभा. काकांना पाठीवर वाळूची पोती घेऊन पळायची शिक्षा झाली. पुन्हा असं झालं तर काय करशील, असं साहेबांनी विचारलं. काका म्हणाले, थांबेन साहेब, पोती तेवढी हलकी द्या.

निवृत्त होऊन आल्यावर ते आमच्या इमारतीचेही मागचे झाले. फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यात ते शेवटी चालायचे, म्हणजे ज्याला धाप लागेल त्याला एकटं वाटू नये. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचा गुडघा बदलला तेव्हा त्या जिना चढायला शिकेपर्यंत हे दोन पायऱ्या खाली उभे. त्या वैतागून म्हणाल्या, "अहो, मी पडले तर तुम्हालाही घेऊन पडेन." काका म्हणाले, "पडा की, मऊ जागा आहे." पोट थोपटून.

मी जात्याच काळजीखोर बाई. लेकीला व्हॅन लावायची म्हणजे आधी मी स्वतः बसून बघणार, असं मी बजावलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला. काकांनी मात्र मला शेवटच्या सीटवर बसवलं, पट्टा लावायला लावला आणि नियम सांगितला. गाडी थांबली की कुणी जागचं हलायचं नाही. काका उतरणार, पुढचं मागचं बघणार, बाहेरून सरकतं दार उघडणार आणि म्हणणार, उतरा मंडळी, सावकाश. आतली कडी चालते, पण तिला हात लावायचा तो फक्त धूर दिसला तर. शाळेपाशी मी सवयीने उठायला गेले. काका आरशातून म्हणाले, "ताई, गाडीत सगळे सारखे. बसा." मी बसले. शेजारच्या पोराने मला समजूतदारपणे पाणी दिलं.

आणखी एक रिवाज होता. शेवटच्या सीटवर जो बसेल तो त्या दिवसाचा मागचा. गाडी निघण्याआधी आणि थांबल्यावर काका पुढून विचारणार, "मागचा?" आणि त्याने ओरडायचं, "आहे." हे उत्तर आल्याशिवाय काका ना निघत, ना उतरत. त्या जागेसाठी मुलांची भांडणं होत.

गाडी चालवताना ते फोन कधीच उचलत नसत, आणि मी रोज करायचे. त्या दिवशी शाळेतून निरोप आला की व्हॅन अजून पोचली नाही. मी फोन लावला आणि तो उचलला गेला. पलीकडून पंक्चरवाला विचारत होता, "तुम्ही यांच्या कोण?" कोण होते मी त्यांची?

मी पोचले तेव्हा बाकीची मुलं दुकानाच्या बाकावर बसली होती. माझी एकटी अजून आत. पंक्चरवाल्याने तिला शेवटी उचलून बाहेर काढलं. ती रडली नाही, ओरडली नाही, फक्त पट्ट्याला धरून राहिली.

डॉक्टरांना मी विचारलं, मुलं उतरली असती, कुणाला हाक मारली असती, तर? ते म्हणाले, नाही, हृदयच बंद पडलं, काही क्षणांचा खेळ. त्यांना कोडं पडलं होतं ते निराळंच. एवढ्याशा वेळात या माणसाने गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला, इंडिकेटर लावले, हे कसं जमवलं?

तेव्हापासून लेक कुठल्याच गाडीतून उतरेना. रिक्षा थांबली की बसून राहायची. बस थांबली की बसून राहायची. बाबाच्या स्कूटरवरूनसुद्धा तिला उचलून खाली ठेवावं लागायचं. विचारलं तर गप्प. सगळे म्हणाले, वेळ द्या, लहान आहे, विसरेल. मला भीती वाटायची ती हीच, की ही आता गप्प राहूनच मोठी होईल आणि आत काय आहे ते मला कधी कळणारच नाही.

व्हॅन पोलिसांनी आणून खाली अंगणात लावली होती. काकूंनी ती विकायची ठरवली. एका संध्याकाळी त्या बादली आणि फडकं घेऊन खाली उतरल्या. मीही मदतीला गेले. बघतो तर लेक आत, शेवटच्या सीटवर, पट्टा लावून. डिकीच्या दारातून चढली असावी. मी काचेतून विनवण्या केल्या, रागावले, पुन्हा विनवण्या केल्या. ती समोरच्या आरशात बघत होती.

काकूंनी बादली खाली ठेवली आणि खिडकीशी वाकल्या. म्हणाल्या, "बाळा, कुणाची वाट बघतेस?"

ती आरशात बघतच म्हणाली, "काकांनी मागचा विचारलं. मी आहे म्हटलं. मग ते उतरा म्हणालेच नाहीत."

म्हणजे डोकं टेकवण्याआधी त्यांनी विचारलं होतं. गाडी थांबली होती, छातीत काय होत असेल ते होत होतं, आणि या माणसाने आरशात बघून आधी माझ्या लेकीचा आवाज ऐकून घेतला होता. पंक्चरवाल्याला हे माहीत नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं, काकूंनाही नव्हतं. बाकीच्या मुलांना ते रोजचंच वाटलं असेल; एवढे दिवस ते फक्त त्या पोरीकडे होतं.

काकू तशाच वाकून राहिल्या. मग पदराने तोंड पुसलं, सरळ झाल्या आणि सरकत्या दाराला हात घातला. दार हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, तरी हलेना. "बघ," त्या म्हणाल्या, "साऱ्या जगाचं केलंन या माणसाने, घरचं दार तेवढं राहिलं." हसू होतं की रडू, मला सांगता येणार नाही.

आतून लेकीचा आवाज आला. "काकू, आधी थोडं वर उचलायचं. मग ओढायचं."

काकूंनी वर उचललं. दार घरघरत उघडलं. त्यांनी आधी पुढे पाहिलं, मागे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं, तरी पाहिलं. मग म्हणाल्या, "उतरा मंडळी. सावकाश."

लेकीने पट्टा सोडला आणि उतरली, स्वतःच्या पायांनी. मग मागे वळून तिने डोकं आत घातलं. काका रोज तसंच करायचे, कुणाचा डबा किंवा कुणी झोपलेलं पोर राहिलं नाही ना ते बघायला. तिने सगळ्या सीटा पाहिल्या. शेवटी चालकाची पाहिली, जरा जास्त वेळ. मग काकूंनी आणि तिने मिळून दार लावलं.

आम्ही वर निघालो. ती पुढे आणि मी मागे. जिन्याच्या पहिल्या वळणावर ती थांबली आणि न वळता म्हणाली, "मागचा?"

"आहे," असं मी म्हणेपर्यंत ती पुढची पायरी चढली नाही.