ठिपक्यांचा अणू

आज अकरावीच्या वर्गात फळ्यावर अणू काढला. माझे वडील, अप्पा, शाळेत हेच शिकवायचे. ते खडूला दोरा बांधून रेखीव वर्तुळं काढायचे आणि इलेक्ट्रॉन त्यांवरून मुकाट्याने फिरायचे. मी नुसते ठिपके देते. इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे ते सांगता येत नाही. ठिपके दाट असतील तिथे तो सापडण्याची शक्यता जास्त.

शेवटी शेवटी अप्पा घरची वाट विसरायचे. शेजारच्या काकू म्हणायच्या, "आधी शाळेच्या फाटकाशी बघ गं." बहुतेकदा तिथेच असायचे, हातात खडू धरून.

"मॅडम, खूप लांब गेलं की शक्यता शून्य होते?" एका मुलीने विचारलं.

"कमी कमी होत जाते. शून्य नाही होत," मी म्हणाले.

अप्पांना जाऊन वर्ष झालं. घरी येताना मी मुद्दाम त्या फाटकावरून आले.